घरांतील यंत्रें : मंदावलेला लॅपटॉप

एका भगिनीनें लिहिलें आहे कीं, त्यांच्या घरचा लॅपटॉप सहा वर्षांचा असून, तो सुरू केल्यापासून हातीं येईपर्यंत पाव तास जातो. दुकानदार ‘नवाच घ्या’ म्हणतो. परंतु मामंजींनीं तीन वर्षें खपून जुळविलेलें कुलवृत्तान्ताचें टिपण आणि मुलांचीं बाळपणापासूनचीं छायाचित्रें त्याच यंत्रांत आहेत. तेव्हां काय करावें, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रथम दुरुस्तीचा विचारच करूं नये. तें टिपण व छायाचित्रें बाहेरच्या डिस्कवर उतरून घ्यावीं, आणि तीं दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडतात कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें. ही घाई अकारण नव्हे. यंत्र मंद होण्याचीं जीं अनेक कारणें आहेत, त्यांपैकीं एक म्हणजे हार्डडिस्क निकामी होत असणें. तिच्या तबकडीवरील एखादी जागा खराब झाली म्हणजे ती तीच जागा पुनःपुन्हां वाचण्याचा यत्न करीत राहते, व आपल्याला वाटतें कीं लॅपटॉप आळसावला आहे! आंतून टकटक असा आवाज येत असेल तर मात्र यंत्र ताबडतोब बंद करावें आणि अशा डिस्कमधील माहिती काढणाऱ्या जाणत्या माणसाकडेच न्यावें.

एवढें झालें म्हणजे निदानाकडे वळावें. विंडोज असलेल्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असतां टास्क मॅनेजर उघडतो. वैद्य नाडी पाहतो त्याप्रमाणें येथें तीन आंकडे पाहावयाचे : सीपीयू, मेमरी व डिस्क. सीपीयूचा आंकडा चढलेला असेल तर कोणता प्रोग्राम त्याला राबवीत आहे तें नांवच समोर दिसतें. पुष्कळदां तें विंडोजचें स्वतःचें अद्ययावतीकरण किंवा विषाणु-तपासणी असते. महिनाभर बंद असलेलें यंत्र उघडल्याबरोबर राहिलेलीं सारीं कामें उरकूं लागतें. अशा वेळीं त्याला तासभर स्वस्थ सोडावें. घरांतील चार माणसांनीं आळीपाळीनें कळा बडवून तें लवकर आटोपत नाहीं. मेमरी नव्वद टक्क्यांच्या आसपास भरलेली असेल, तर न मावणारा मजकूर विंडोज डिस्कवर नेऊन ठेवतें आणि मग डिस्कवर दुहेरी भार पडतो. ब्राउझरमध्यें वीस-वीस पानें उघडीं ठेवण्याची मुलांची संवय येथें नडते.

त्याच टास्क मॅनेजरमध्यें स्टार्टअप ॲप्स नांवाचा भाग आहे. यंत्र सुरू होतांच न बोलावतां येऊन बसणाऱ्या प्रोग्रामांची ती यादी होय. त्यांतील अनोळखी नांवें पुसून टाकूं नयेत. परंतु संभाषणाचे, गाण्यांचे, खेळांचे प्रोग्राम डिसेबल करण्यास कांहींच हरकत नाहीं. तसें केल्यानें तो प्रोग्राम नाहींसा होत नाहीं, केवळ आपण हांक मारूं तेव्हांच येतो.

तथापि डिस्कचा आंकडा सतत शंभरावर असेल, तर तेवढ्यानें भागावयाचें नाहीं. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागांत डिस्कपुढें एचडीडी लिहिलें आहे कीं एसएसडी, तें पाहावें. एचडीडी म्हणजे खरोखरीची फिरणारी तबकडी. लॅपटॉपमध्यें ती बहुधा मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेते. हवी ती जागा वाचक-टोंकाखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपांच मिलिसेकंद लागतात. शिवाय टोंक सरकण्यास वेळ लागतो तो निराळाच. म्हणून विखुरलेला मजकूर अशी डिस्क सेकंदाला शंभर वेळांहि धड वाचूं शकत नाहीं. एसएसडीमध्यें फिरणारें असें कांहींच नसल्यामुळें हेंच काम सेकंदाला हजारों वेळां होतें. सुदैवानें पुष्कळ लॅपटॉपांत जुनी डिस्क काढून त्या जागीं एसएसडी बसवितां येते, आणि आमच्या मतें सहा वर्षांच्या यंत्रावर करण्याजोगा पहिला खर्च हाच. मेमरी चार जीबीच असेल तर ती आठ करावी. मात्र कांहीं यंत्रांत ती पट्टीला कायमची जोडलेली असते, तेव्हां आधीं विचारून घ्यावें.

यंत्र सुरुवातीस ठीक चालून अर्ध्या तासानें मंदावत असेल तर दोष उष्णतेचा समजावा. गादीवर किंवा गोधडीवर ठेवून काम केल्यास खालचीं छिद्रें झांकलीं जातात, पंख्यांत धूळ सांठते, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठीं आपली गति आपणच कमी करतो. लांकडी पाटावर ठेवण्यानें व पंखा साफ करून घेण्यानें हें जातें.

विंडोज १० ची नेहमींची देखभाल मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. म्हणून नवी डिस्क घालण्यापूर्वीं आपलें यंत्र विंडोज ११ चालवूं शकेल किंवा नाहीं, हें कंपनीच्याच पीसी हेल्थ चेक या प्रोग्रामनें पाहून घ्यावें. पडद्यावर ‘तुमचा संगणक बिघडला, या क्रमांकावर फोन करा’ अशी पाटी झळकली तर घरांतील वडील माणसांना फोन करूं देऊं नये. ती लबाडी असते.

दुकानांत यंत्र देतांना डिस्क पुसण्यापूर्वीं आपल्याला विचारावें, असें कागदावर लिहून घ्यावें. काढलेली जुनी डिस्क परत मागून घ्यावी व निदान वर्षभर कपाटांत ठेवावी. कुलवृत्तान्ताचा एखादा राहिलेला कागद तींतच सांपडावयाचा.