सेव्ह फाइल नेमकी ठेवली कुठे? ताम्रपटापासून ॲपडेटापर्यंत

#थ्रेड #इतिहास

१/
केनवड, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. समजा, या गावातील एका घरात भावंडांत मिळून एक संगणक आहे. तो संथ झाला म्हणून दुरुस्तीला गेला. दुकानदार म्हणाला, "विंडोज नव्याने मारावी लागेल. सी ड्राइव्हमध्ये काही महत्त्वाचे आहे का?" घरच्यांचे उत्तर ठरलेले : "नाही, सगळे डीमध्ये आहे."

२/
संगणक परत आला. मोबाइलच्या डेटावर आठवडाभर उतरवून घेतलेला चाळीस जीबीचा खेळ डी ड्राइव्हवर जागच्या जागी होता. मात्र खेळ उघडताच पडद्यावर एकच पर्याय दिसला : नवा खेळ. शंभर तासांची प्रगती ज्या काही एमबींत साठवलेली होती, ती फाइल सी ड्राइव्हवरच्या एका लपवलेल्या फोल्डरात होती. फॉरमॅटबरोबर ती पुसली गेली.

३/
अशा वेळी दोष वापरणाऱ्याच्या माथी मारला जातो : "आधी कॉपी करून ठेवायची होती." पण जी वस्तू कुठे ठेवली आहे हे मालकालाच सांगितलेले नाही, तिची प्रत त्याने काढावी कशी? हा प्रश्न निष्काळजीपणाचा नाही, दप्तरव्यवस्थेचा आहे. आणि दप्तरव्यवस्थेचा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे. वाशिमच्या भूमीत त्याचे एक उत्तर सोळाशे वर्षांपूर्वीच दिले गेले होते.

४/
वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली वाशिम येथे या घराण्यातील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. राजाच्या कारकिर्दीच्या ३७व्या वर्षी दिलेल्या ग्रामदानाची ही नोंद आहे. तिचा काही भाग संस्कृतात, तर काही प्राकृतात आहे. एका कुटुंबाला दिलेला हक्क तांब्यावर कोरला गेला, म्हणून आज या राजाची कारकीर्द अभ्यासता येते.

५/
ताम्रपटाची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. पत्रे एकापेक्षा अधिक असले, तर ते कडीत ओवून त्यावर राजमुद्रा लावली जाई. दान राजाचे असले, तरी पट दान घेणाऱ्याच्या स्वाधीन होई. तो त्याच्या घरी राही, पिढ्यानपिढ्या सांभाळला जाई, संकटकाळी जमिनीत पुरलाही जाई. राज्य बदलले, राजधानी ओसाड पडली, तरी पुरावा धारकाच्या हाती राही.

६/
नाशिकच्या पांडवलेण्यातील उषवदाताचा शिलालेख याच्याही पुढे जातो. नहपानाच्या या जावयाने श्रेणींकडे रक्कम ठेव म्हणून ठेवली आणि तिच्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची सोय केली. हा व्यवहार निगमसभेत जाहीर केला, फलकांवर लिहून दप्तरी नोंदवला आणि लेण्याच्या भिंतीवरही कोरला. दप्तरातले फलक काळाच्या उदरात गडप झाले. भिंतीवरची प्रत मात्र आजही वाचता येते.

७/
या दोन उदाहरणांतून जुन्या दप्तरव्यवहाराचे साधे सूत्र हाती येते. ज्याचा हक्क, त्याच्या हाती एक प्रत. दुसरी प्रत दप्तरात. आणि दोन्ही कुठे आहेत, हे संबंधितांना ठाऊक. संगणकीय खेळांचा इतिहास या सूत्राच्या कधी जवळ गेला, कधी दूर, हे पाहिले की आजच्या वैतागाचे मूळ सापडते.

८/
आरंभी जतन करणे हा प्रकारच नव्हता. १९७८च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये सर्वोच्च गुणसंख्या पडद्यावर दिसे, पण यंत्र बंद केले की ती नाहीशी होई. 'झोर्क'सारख्या शब्दखेळात मात्र खेळाडू आज्ञा देऊन आपली स्थिती डिस्कवर उतरवू शके. फ्लॉपी त्याच्या खणात असे. म्हणजेच प्रगती कुठे आहे, हे त्याला बोटाने दाखवता येई.

९/
१९८६च्या जपानी 'ड्रॅगन क्वेस्ट'ने निराळी युक्ती केली. खेळ थांबवताना २० अक्षरांचा एक मंत्र पडद्यावर येई. तो कागदावर उतरवून घ्यायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकले की सारे गेले. पद्धत जाचक होती खरी, पण प्रगती अक्षरशः खेळाडूच्या वहीत होती. यंत्र बिघडले तरी वही शाबूत राही.

१०/
त्याच वर्षी 'द लीजंड ऑफ झेल्डा' हा खेळ जपानमध्ये डिस्कवर आला, आणि १९८७ साली अमेरिकेत त्याची कार्ट्रिज निघाली. तिच्यात नाण्याएवढी बॅटरी होती. वीज बंद असतानाही ती बॅटरी स्मृती जागी ठेवी. कार्ट्रिज हीच आता पेटी झाली : खेळ आणि खेळाडूची प्रगती एकाच डबीत.

११/
महाराष्ट्रातील अनेक घरांत 'टीव्ही गेम' पोचला तो नक्कल यंत्रांच्या रूपाने. पिवळ्या कॅसेटवर हजारो खेळांचा दावा, प्रत्यक्षात तेच ते 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा'. यांत जतनाची सोयच नव्हती. विदर्भातील भारनियमनाच्या काळात शेवटच्या टप्प्यावर वीज गेली की दिवे येताच पहिल्या टप्प्यापासून आरंभ. 'गेलेले परत येत नाही' हा धडा एका पिढीने असा गिरवला.

१२/
१९९४च्या प्लेस्टेशनने मेमरी कार्ड आणले. १५ कप्प्यांचे हे छोटे कार्ड खिशात घालून मित्राच्या घरी नेता येई आणि तिथे आपला खेळ पुढे चालू करता येई. खेळांच्या इतिहासात ताम्रपटाच्या सर्वांत जवळ जाणारी हीच वस्तू : खेळ कंपनीचा, यंत्र मित्राचे, पण प्रगतीचा पट खेळाडूच्या खिशात.

१३/
संगणकावर डॉसच्या काळात व्यवहार सरळ होता. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' असो वा १९९३चा 'डूम', खेळाचे जे फोल्डर, त्यातच जतन केलेली फाइल. फोल्डर उचलून फ्लॉपीवर टाकले की खेळही आला आणि प्रगतीही आली. 'सगळे डीमध्ये आहे' हे घरोघरचे उत्तर याच काळाचा वारसा आहे. तेव्हा ते खरे होते.

१४/
पुढे एकाच संगणकावर अनेक वापरकर्त्यांची स्वतंत्र खाती आली. दादाची प्रगती ताईने पुसू नये, म्हणून प्रत्येकाच्या फाइली त्याच्या खात्यात ठेवणे रास्तच होते. २००२च्या 'जीटीए : व्हाइस सिटी'ची जतन केलेली फाइल म्हणूनच 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये जाई. सायबर कॅफेत मात्र खाते सर्वांचे एकच आणि जतनाचे कप्पे आठ. नवव्या गिऱ्हाइकाने कोणाचा तरी कप्पा मोडायचा, हे ठरलेले.

१५/
२००७ साली सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने दोन गोष्टी केल्या. 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये खेळांनी हवे तसे लिहिण्यास सुरक्षेच्या कारणावरून अटकाव केला, आणि प्रत्येक खात्यात 'सेव्ह्ड गेम्स' नावाचे स्वतंत्र फोल्डर दिले. घर बांधले, पाटी लावली, पण राहायला येण्याची सक्ती कोणावरही नव्हती. परिणामी बहुतेकांनी आपापली बिऱ्हाडे इतरत्र थाटली.

१६/
आजची स्थिती पाहावी. 'स्कायरिम' : डॉक्युमेंट्समधील 'माय गेम्स'. 'विचर ३' : डॉक्युमेंट्समध्येच, पण स्वतःच्या नावाचे फोल्डर. 'माइनक्राफ्ट'ची जावा आवृत्ती : ॲपडेटातील रोमिंग. युनिटी इंजिनवरचे कित्येक खेळ : ॲपडेटातील लोकललो. काही नोंदी तर थेट रजिस्ट्रीत. आणि ॲपडेटा हे फोल्डर मुळातच नजरेआड ठेवलेले. जिथे घरधन्याची दृष्टीच पोचत नाही, तिथे घरातला ऐवज.

१७/
हा केवळ विंडोजचा दोष नव्हे. लिनक्सच्या जगात २००३पासून यासाठी सामायिक नियमावली आहे : मांडणीच्या फाइली एका ठिकाणी, विदा दुसऱ्या ठिकाणी, फेकून देण्याजोगे तिसऱ्या ठिकाणी. तरीही तो नियम न पाळणारे कार्यक्रम पुष्कळ. नियम लिहिला म्हणजे दप्तर लागले असे होत नाही. नियम मोडणाऱ्याला जाब विचारणारा फडणीस लागतो.

१८/
मग उत्तर पुढे आले ते क्लाउडचे. २००८मध्ये स्टीमने ही सोय आणली आणि अनेकांची प्रगती वाचली, हे मान्य करावेच लागेल. पण ही दप्तरातील प्रत झाली. धारकाच्या हातातील नव्हे. भारतीय तरुणांना याचा अनुभव पबजी मोबाइलने दिला. २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, ३० ऑक्टोबरला सर्व्हर बंद झाले आणि वर्षानुवर्षांची कमाई दाराआड गेली.

१९/
२०२१मध्ये बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया आला आणि जुन्या खात्यातील विदा नव्या खात्यात नेण्याची मुभा मिळाली, तीही त्या वर्षअखेरपर्यंतच. बंदी योग्य की अयोग्य, हा येथे विषय नाही. मुद्दा इतकाच की आपले संचित परत मिळेल की नाही आणि कोणत्या मुदतीत, हे ठरवण्यात खेळाडूला कोणतेही स्थान नव्हते. पट त्याच्या घरात नव्हता.

२०/
खेळ बनवणाऱ्यांची बाजूही आहे. फाइल सहज हाती लागली तर काही जण ती बदलून लबाडी करतील. अनेक प्रणालींसाठी खेळ बनवताना इंजिन जी जागा देईल, ती घेणे सोयीचे. स्पर्धेच्या खेळात सर्व्हरवरील नोंद अपरिहार्यच. पण घरी एकट्याने खेळायच्या खेळात लबाडी झाली तरी नुकसान कोणाचे? आणि निर्मात्याच्या सोयीसाठी शंभर तासांचा ऐवज अडगळीत टाकणे हा न्याय नव्हे.

२१/
"शेवटी खेळच तो, त्याचे एवढे काय?" हा आक्षेप मराठी इतिहासाच्या वाचकांना ओळखीचा वाटावा. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर पडलेले मोडी कागद अनेकांना रद्दीच वाटत होते. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, वाईत सापडलेल्या पत्रांवरून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, तेव्हा त्या रद्दीचे मोल कळले.

२२/
उलट पेशव्यांचे दप्तर रुमालांत बांधलेले, एका जागी जतन झालेले होते. त्यामुळे १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांना त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड काढता आले. दप्तर एका जागी असण्याचा आणि विखुरलेले असण्याचा हा फरक. खेळाडूंमध्येही आज राजवाड्यांचे वारस आहेत : कोणत्या खेळाची फाइल कुठे असते, याच्या याद्या स्वयंसेवक चिकाटीने तयार करतात.

२३/
हे काम स्तुत्य आहे, पण ते करावे लागते हीच व्यवस्थेची नामुष्की आहे. मागणी तीनच गोष्टींची असावी. प्रगती कुठे ठेवली आहे, हे खेळाच्या पडद्यावरच लिहिलेले असावे. तिची प्रत पेन ड्राइव्हवर काढण्याचे आणि ती परत भरण्याचे बटण तिथेच असावे. आणि सर्व्हर बंद करण्यापूर्वी प्रत नेण्यास पुरेशी मुदत मिळावी. यांतील पहिल्या दोन्ही गोष्टी तंत्रदृष्ट्या अवघड नाहीत.

२४/
तोवर केनवडच्या त्या घरासारख्या प्रत्येक घराने एवढे करावे. विंडोज मारण्यापूर्वी डॉक्युमेंट्स, सेव्ह्ड गेम्स आणि ॲपडेटा या तिन्ही फोल्डरांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. ॲपडेटा दिसण्यासाठी लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय आधी चालू करावा. रजिस्ट्रीतील नोंदी मात्र यात येत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. आणि दुरुस्तीवाल्याने "सीमध्ये काही आहे का?" असे विचारले, तर उत्तर द्यावे : "आहे. आधी त्याची प्रत काढा."