रुग्णालयातील धूर आणि संघटनेची जबाबदारी

सरकारी रुग्णालयाच्या भिंतीवर धूम्रपानाला सक्त मनाई असल्याची पाटी असते. आणि अनेकदा त्याच भिंतीच्या आडोशाला निवासी डॉक्टर सिगारेट पेटवतो, वॉर्डबॉय विडी ओढतो, सफाई कामगार तळहातावर तंबाखू मळत उभा असतो. या विसंगतीवर सामान्यतः दोन प्रकारची मते व्यक्त होतात. एक मत असे की, हा ज्याच्या त्याच्या खाजगी आयुष्याचा प्रश्न आहे, त्यात इतरांनी नाक खुपसण्याचे कारण नाही. दुसरे मत असे की, अशा कर्मचाऱ्यांना कामावरून दूर करावे. पहिले मत उदार भासते, दुसरे कर्तव्यकठोर. परंतु दोन्ही मतांना एकाच गोष्टीचा विसर पडलेला आहे. आरोग्यसेवा हे समाजाचे काम आहे आणि ते करणारा माणूस श्रमिक आहे. या दोन गोष्टी एकत्र ध्यानात घेतल्याखेरीज प्रश्नाचे योग्य उत्तर सापडणार नाही.

प्रथम खाजगीपणाचा मुद्दा. क्षयाच्या रुग्णाला विडी सोडण्याचा सल्ला ज्याने द्यावयाचा, त्याच्याच कपड्यांना विडीचा वास येत असेल तर तो सल्ला रुग्णाच्या कानापर्यंत पोहोचतो, मनापर्यंत पोहोचत नाही. शिकलेल्या माणसाला पुस्तक वाचून खातरजमा करता येते. खेड्यातून आलेल्या शेतमजुरासमोर पुस्तक म्हणजे डॉक्टर आणि परिचारिका हेच असतात. त्यांच्या आचरणातून तो आपला निष्कर्ष काढतो, आणि तो तर्काला धरूनच असतो: ही वस्तू खरोखरच घातक असती, तर जाणत्या माणसाने ती ओठाला लावली असती काय?

हे मर्म भांडवलदारांनी फार पूर्वीच ओळखले होते. १९४६ साली अमेरिकेतील आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने ‘कॅमल’ सिगारेटची जाहिरात करताना डॉक्टरांमध्ये आपलीच सिगारेट सर्वाधिक लोकप्रिय असल्याचा डांगोरा पिटला. पांढरा कोट घातलेला, प्रसन्न चेहऱ्याचा डॉक्टर या जाहिरातींत झळकत असे. जी कंपनी डॉक्टरच्या हातातील सिगारेटवर पैसा खर्च करते, तिच्या लेखी ती सिगारेट खाजगी बाब नसते. मग ती जनतेच्या लेखी खाजगी कशी मानावी?

याच्या उलट दाखला ब्रिटनमध्ये सापडतो. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोन संशोधकांनी १९५१ साली ब्रिटनमधील डॉक्टरांना त्यांच्या धूम्रपानाविषयी प्रश्नावली पाठविली. सुमारे ४० हजार डॉक्टरांनी उत्तरे दिली आणि पुढे अर्धशतक त्यांचा मागोवा घेण्यात आला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आयुष्यभर धूम्रपान करणारे डॉक्टर न करणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षे आधी मृत्यू पावले. वयाच्या तिशीत सवय सोडणाऱ्यांचा हा धोका जवळजवळ पूर्णपणे टळला, आणि साठीत सोडणाऱ्यांनाही सुमारे ३ वर्षांचे आयुष्य लाभले. धूम्रपानाचा संहारक परिणाम जगाला ज्या पुराव्याने पटला, त्यातील एक मोठा पुरावा असा डॉक्टरांच्याच मृत्यूंनी लिहिला गेला. तो वाचून ब्रिटिश डॉक्टरांनी मोठ्या संख्येने सिगारेट टाकली, आणि ते जनतेच्या पुढे चालले. आधी आचरण, मग उपदेश, हा क्रम तेथे फलदायी ठरला.

तेव्हा आरोग्य कर्मचाऱ्याने धूम्रपान करू नये, हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. खरा वादाचा मुद्दा यापुढचा आहे: हे कोणी, कोणाला आणि कोणत्या अधिकाराने सांगावयाचे?

जागतिक आरोग्य संघटनेने १ डिसेंबर २००५ पासून धूम्रपान करणाऱ्यांची नव्याने भरती बंद केली. जिनिव्हातील उच्चभ्रू पदांसाठी हा नियम शोभून दिसेल. परंतु आपल्या रुग्णालयांत तो जसाच्या तसा आणला, तर त्याचा आसूड कोणाच्या पाठीवर पडेल हे सांगावयास ज्योतिषी नको. वरिष्ठ डॉक्टरची सिगारेट बंद दाराआड सुरक्षित राहील आणि कंत्राटी सफाई कामगाराच्या खिशातील चुनाळे त्याला घरी बसविण्याचे निमित्त ठरेल. ज्या आशा कार्यकर्तीला सरकार कर्मचारी न मानता स्वयंसेविका म्हणते आणि मानधनावर राबविते, जिला कोविडच्या साथीत, २०२१ साली, आपल्या मोबदल्यासाठी महाराष्ट्रात संप करावा लागला, तिच्याकडून आदर्श वर्तनाची अपेक्षा करताना सरकारने आधी आपले वर्तन तपासावे. व्यसन हा आजार आहे असे वैद्यकशास्त्र सांगते; आणि आजारी कामगाराला उपचाराऐवजी बडतर्फी देणे कामगार चळवळीने कधीही मान्य केलेले नाही.

येथे महाराष्ट्राच्या परिस्थितीचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार या राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ शेकडा ४, तर तंबाखू खाणारे वा दातांना मिश्री लावणारे शेकडा २४ च्या घरात होते. म्हणजे केवळ धुरावर बोट ठेवणे हे अर्धसत्य ठरेल. २००३ च्या कायद्याने आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी रुग्णालयात धूम्रपानाला बंदी आहे, २०० रुपयांपर्यंत दंडही आहे. परंतु गालातील तंबाखूच्या बाराला धूर नसतो. तोंडाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या रुग्णाची खाट ढकलणारा कर्मचारी स्वतःच्या गालात तीच विषाची गोळी धरून असेल, तर विसंगती तीच आणि धोकाही तसाच गंभीर.

हा कर्मचारी अज्ञानी असतो असे मात्र नाही. रोज मृत्यू पाहणाऱ्याला मृत्यूचे कारण कोणी शिकवावे? निवासी डॉक्टरांचे काम सलग १२ तासांपेक्षा आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा सामान्यतः अधिक असू नये, असे केंद्राचे १९९२ चे निर्देश आहेत. ते कागदावर राहिले आणि सलग दीड-दोन दिवसांची पाळी हा अनेक ठिकाणी शिरस्ता झाला. झोप मारण्यासाठी सिगारेट, भूक मारण्यासाठी तंबाखू, हे श्रमाच्या अतिरेकाने लादलेले उपाय आहेत. आणि ते फसवे उपाय आहेत, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. निकोटीनची तलफ जी अस्वस्थता निर्माण करते, तीच पुढची सिगारेट क्षणभर शमविते. कामगार त्याला विश्रांती समजतो. खऱ्या विश्रांतीची मागणी करण्याऐवजी तो खोट्या विश्रांतीसाठी स्वतःच्या मजुरीतून पैसे मोजतो.

चळवळीनेही या बाबतीत आत्मपरीक्षण करणे अगत्याचे आहे. युनियनच्या कचेरीतील रात्री जागविणारा धूर हा निष्ठेचे लक्षण मानण्याची एक जुनी रीत आहे. चे गेव्हारा हे शिक्षणाने डॉक्टर आणि प्रकृतीने दमेकरी. तरी त्यांच्या ओठातील सिगार हा क्रांतीच्या प्रतिमेचा भाग होऊन बसला. पण त्यांचेच सहकारी फिडेल कॅस्ट्रो यांनी, ज्यांच्या देशाला सिगारच्या निर्यातीतून परकीय चलन मिळते त्यांनी, १९८५ साली सिगार सोडला; जनतेला जे सांगावयाचे ते आधी स्वतः करावे, या भूमिकेतून.

तेव्हा प्रश्न व्यवस्थापनाच्या हाती सोपवून देऊ नये. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी तो आपल्या मागणीपत्रकात घ्यावा. निकोटीन-पर्यायी उपचार २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आलेले आहेत. ते प्रत्येक रुग्णालयात कर्मचाऱ्यांना विनामूल्य आणि कामाच्या वेळेत मिळावेत. उपचार मागणाऱ्याची नोंद त्याच्याविरुद्ध वापरली जाऊ नये. नियम अधिष्ठात्यापासून सफाई कामगारापर्यंत एकच असावा आणि त्याचा आरंभ वरून व्हावा. १९९२ च्या निर्देशांची अंमलबजावणी व्हावी. याच्या मोबदल्यात संघटनेने आपल्या सभासदांकडून एक वचन घ्यावे: रुग्णालयाच्या आवारात आणि रुग्णासमोर तंबाखूला स्पर्श नाही. हक्क मागणाऱ्याने कर्तव्याची भाषा बोलण्यास संकोच करू नये.

अर्थात आवार धूरमुक्त झाले म्हणून कारखाना बंद होत नाही. देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत सार्वजनिक मालकीच्या आयुर्विमा महामंडळाचा पैसा गुंतलेला आहे. म्हणजे एका हाताने आयुष्याचा विमा आणि दुसऱ्या हाताने मृत्यूचा लाभांश. विडी कामगार स्त्रियांचा प्रश्न वेगळा आहे. सोलापूर-सिन्नरच्या या स्त्रियांना पर्यायी रोजगार दिल्याशिवाय तंबाखूविरोधाची भाषा त्यांच्या चुलीवर पाणी ओतणारी ठरेल. या दोन्ही आघाड्यांवर बोलण्याचा नैतिक अधिकार आरोग्य कर्मचाऱ्याइतका दुसऱ्या कोणाला असू शकत नाही. उरुग्वेचे ताबारे वास्केस हे कर्करोगतज्ज्ञ डॉक्टर डाव्या आघाडीतर्फे राष्ट्राध्यक्ष झाले. २००६ साली त्यांनी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी आणली. पुढे सिगारेटच्या पाकिटांवरील निर्बंधांमुळे फिलिप मॉरिस या बलाढ्य कंपनीने २०१० साली त्या छोट्या देशाला आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचले, तेव्हा देश डगमगला नाही. २०१६ साली निकाल उरुग्वेच्या बाजूने लागला.

तंबाखूच्या नफेखोरीशी झुंज घ्यावयाची तर रुग्णालयातील श्रमिक हा त्या लढ्याचा पहिला सैनिक आहे. त्याचा हात मोकळा असला पाहिजे. तो मोकळा करण्याचे काम शिक्षेने होणार नाही आणि दुर्लक्षानेही होणार नाही. ते संघटनेचे काम आहे, आणि कार्यकर्त्यांनी ते आता हाती घ्यावे.