शिंपल्यांची वाटी वेगळी

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही वस्तीवर परसात एका जातीच्या, एका वयाच्या कोंबड्या क्वचितच दिसतात. दोन-चार गावरान, वाटपात मिळालेल्या गिरीराज नाहीतर ग्रामप्रिया, हौसेनं आणलेला कडकनाथ, पिल्लं घेऊन फिरणारी एक, खुडूक बसलेली दुसरी, अजून अंड्यावर न आलेल्या तलंगा आणि एक-दोन कोंबडे. सगळ्यांचं खाणं एकाच जागी. पोल्ट्रीची पुस्तकं एका वयाच्या हजारो पक्ष्यांची शेड डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. या खुराड्याचा विचार त्यांत नसतो.

टरफल पातळ येऊ लागलं की घरात दोनपैकी एक गोष्ट येते. लेअर खाद्याचं पोतं, नाहीतर दुभत्या म्हशीसाठी आणलेली कॅल्शियमची बाटली, तीही सगळ्यांच्या पाण्यात. मला दोन्ही उपाय चुकीचे वाटतात. गरज असते ती फक्त अंड्यावरच्या कोंबडीला, आणि भरवलं जातं सगळ्यांना.

एका अंड्याच्या टरफलात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. खाल्लेल्यातलं साधारण निम्मंच अंगी लागतं, म्हणजे एका अंड्यासाठी ४ ग्रॅमच्या आसपास पोटात जायला हवं. १०० ग्रॅम ज्वारीत ते जेमतेम ३० मिलिग्रॅम मिळतं. म्हणूनच लेअर खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम घातलेलं असतं. वाढत्या पिल्लांना आणि नर कोंबड्यांना एक टक्का पुरे. त्यांनी आठवडेच्या आठवडे लेअर खाद्य खाल्लं, तर जादा कॅल्शियमचा भार मूत्रपिंडांवर पडतो, ती निकामी होऊ लागतात, अंगात युरिक आम्ल साठतं आणि हृदयावर, यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर चढतो. तलंग अंड्यावर येण्याआधीच आतून खचते आणि दोष जातो रोगराईकडे.

आमच्या आजीनं कधी कोंबड्यांना कॅल्शियम दिलं नाही, असं पुष्कळ जण सांगतात. खरंच आहे ते. पण आजीची गावरान कोंबडी वर्षाला ६०-८० अंडी द्यायची, तीही लहान. काळ्या रानातले चुनखडीचे खडे, किडे, गोगलगायी, हिरवा पाला यांवर तिचं भागायचं. ग्रामप्रिया त्याच परसात दुपटीहून जास्त अंडी देते. उकिरडा उकरून तेवढं कॅल्शियम मिळत नाही, मग ती स्वतःच्या हाडांतून काढून देत राहते. मुरमाचे काळे खडे पोटात दाणे दळायला लागतातच, पण त्यांनी टरफलाची गरज भागत नाही.

तेव्हा सगळ्यांना एकच, वाढत्या पक्ष्यांचं ग्रोअर खाद्य द्यावं, अगदी लहान पिल्लांचं खाणं झाकणाखाली वेगळं ठेवावं, आणि शिंपल्यांचा किंवा चुनखडीच्या दगडाचा चुरा निराळ्या भांड्यात उघडा ठेवावा. अंड्यावरची कोंबडी गरज ओळखून तो आपणहून खाते. कोंबडा एखादी चोच मारून निघून जातो. चुरा पीठ केलेला नको, ज्वारीच्या दाण्याएवढा भरड हवा. टरफल मुख्यतः रात्री तयार होतं, त्या वेळी भरड तुकडे पोटात हळूहळू विरघळत राहतात. म्हणून संध्याकाळी खुराड्यात जाण्याआधी भांडं भरलेलं हवं. घरच्या अंड्यांची टरफलं तव्यावर चांगली तापवून, बारीक करून दिली तरी चालतात. आख्खी टाकली तर अंडी फोडायची खोड लागते. पानाला लावायचा चुना मात्र अजिबात नको, तो तोंड भाजतो.

एप्रिल-मेमधल्या पातळ टरफलाचं कारण बऱ्याचदा वेगळंच असतं. आपल्याकडे पारा चाळिशीपार गेला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि टरफल नीट बनत नाही. शिवाय ती खातेही कमी. अशा वेळी सावली, दिवसातून दोनदा बदललेलं गार पाणी आणि पहाटेचं खाणं द्यावं. बाटलीचा उपयोग होत नाही.

खाद्य घरी बनवणाऱ्यांनी ज्वारी-मक्याच्या भरड्यात प्रथिनांसाठी सोयाबीन घालावं, जिल्ह्यात ते मुबलक पिकतं. पण कच्चं नको, भाजूनच. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिनं पचू देत नाही. पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा पेंड तर ‘कोंबड्यांना चालतंय’ म्हणून कधीच टाकू नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृत पोखरतं, आणि मग कितीही शिंपले दिले तरी टरफल सुधारत नाही.

अडचण आहे ती मिळण्याची. तालुक्याच्या दुकानात लेअर खाद्य सहज मिळतं, पण शिंपल्यांचा चुरा किलोभर मागितला तर दुकानदार पोतंच घ्या म्हणतो. १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागात बायकांचे बचत गट उभे राहिले. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’सारख्या संस्थेनं त्यांच्या एक एकर शेतीला कुक्कुटपालनाचीही जोड दिली. अंड्यांचे पैसे बाईच्या हातात राहतात, हे या भागानं पाहिलेलं आहे. अशा गटानं एक पोतं आणून वाटून घेतलं तर कोणालाच जड जाणार नाही. आणि जिथं सरकारी योजनेतून पिल्लं वाटली जातात, तिथं ती अंड्यावर येण्याच्या सुमाराला प्रत्येक घरी ५ किलो चुरा पोहोचवावा, अशी माझी पशुसंवर्धन विभागाला आग्रहाची मागणी आहे. दहा कोंबड्यांना तो तीन महिने पुरतो.