सुटी गोळी नको, अख्खी पट्टी घ्या



आषाढातली लावणी असो की खळ्यावरची मळणी, दिवसभर राबले की संध्याकाळी कंबर धरते, अंगात कणकण येते. मग पोराला दुकानात पिटाळायचे, "दोन गोळ्या आण." दुकानदार कात्रीने पट्टी कापतो. औषधाचे नाव, ताकद आणि मुदतीची तारीख बहुधा उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहते. ही सवय आता सोडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गोळी वाईट नाही. पॅरासिटामॉल हे ताप व अंगदुखीवरचे चांगले आणि स्वस्त औषध आहे. क्रोसिन, कालपोल, डोलो ही नावे निराळी, आतले औषध एकच. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही तेच असते. तापाला एक, सर्दीला दुसरी, कंबरेला तिसरी गोळी घेणारा नकळत एकच औषध तीनदा घेत असतो.

हिशेब साधा आहे. धडधाकट मोठ्या माणसाने एका वेळी 500 मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या घ्याव्यात, 650 ची असल्यास एकच. मध्ये सहा तास जाऊ द्यावेत. दिवसरात्रीत 4,000 मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा. पण डॉक्टरांना न विचारता 500 च्या सहा गोळ्यांपुढे जाऊ नये. रोज दारू घेणारे, यकृताचा आजार असलेले आणि फार अशक्त माणसे यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

मुलांचे माप वजनावर ठरते: किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दिवसात फार तर चार वेळा. दहा किलोच्या मुलाला एका वेळी 100 ते 150 पुरे. पाच मिलिलिटर सिरपमध्ये कुठे 125, तर कुठे 250 मिलिग्रॅम असतात. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरलाच 100. म्हणून घरचा चमचा वापरू नये. लेबल वाचून बाटलीसोबतच्या मापानेच द्यावे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला डॉक्टरांशिवाय देऊच नये.

जादा औषध यकृतावर घात करते, तोही गुपचूप. पहिल्या दिवशी थोडी मळमळ होते, कधी काहीच होत नाही. दोन-तीन दिवसांनी कावीळ दिसते. यावर उतारा आहे, पण तो आठ तासांच्या आत मिळाला तर सर्वांत गुणकारी. आपल्या जोयडा तालुक्यातील रानातल्या वाड्यांवरून मोठ्या इस्पितळात पोचायला किती वेळ लागतो, हे तुम्हांला सांगायला नको. तेव्हा गोळ्या जास्त गेल्याचे कळताच, त्रास नसला तरी निघावे आणि पट्टी सोबत न्यावी. कोणते औषध, किती गेले, हे डॉक्टरांना तीच सांगते.

कायदाही हेच सांगतो. हजार वस्तीपर्यंतच्या गावांत ही गोळी परवान्याशिवाय विकण्याची सवलत आहे. पण मूळ, न उघडलेल्या वेष्टनात विकावी, अशी अट आहे. अख्खी पट्टी मागण्यात दुकानदारावर अविश्वास नाही. चार पैसे जास्त जातील, पण ती सांभाळून वापरता येते. मात्र मुलांचा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवावी.

शेवटी एक. गोळीने ताप दबतो, रोग जात नाही. आपल्या जिल्ह्यात माकडतापही आढळतो. तीन दिवसांत ताप उतरला नाही, तर आणखी गोळी शोधू नका, डॉक्टरांकडे जा.