ज्येष्ठमध : गोड, पण मोजून

१८७२ पासूनच्या श्री धूतपापेश्वरमुळे आपले पनवेल आयुर्वेदीय औषधांसाठी ओळखले जाते. येथील घरांत ज्येष्ठमध नवा नाही. चिनी वैद्यकातही याच वंशातील मूळ ‘गानचाव’, म्हणजे ‘गोड वनस्पती’, या नावाने असंख्य काढ्यांत पडते. घसा बसल्यास लहानसा तुकडा चघळावा. मात्र त्यातील ग्लिसिऱ्हायझिन शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते, पोटॅशियम घटवते आणि रक्तदाब वाढवते. म्हणून रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी व गर्भवतींनी तो टाळावा. इतरांनीही आठवडेच्या आठवडे घेऊ नये. जमाखर्चात किरकोळ रक्कमही आपण लिहितोच. तसा पेढीवर बसून ज्येष्ठमध चघळणाऱ्या वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांना औषधे सांगताना त्याचाही उल्लेख करावा.