मोतीला आम्ही गुपचूप पुरलं, तिथेच चुकलो

मंडळी, एरवी आपण इथे वाड्यांच्या, गणपतीच्या, आजीच्या हातच्या पुरणपोळ्यांच्या आठवणी लिहितो. आजची आठवण गोड नाही. थोडी लांब आहे आणि शेवटी भांडणही आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

१९८७ सालची गोष्ट. मी नववीत होतो. आमचं घर ग्वाल्हेरला लष्करात, जुन्या मराठी वस्तीतलं. घरात मोती नावाचा कुत्रा होता. गल्लीतलाच, पिल्लू असताना आईच्या पायाशी येऊन बसला तो कायमचा. रात्री अंगणात झोपायचा, ओटीवर कोणी आलं की भुंकायचा. भुंकणं हाच त्याचा गुन्हा. समोरच्या काकांकडे लायसन्सी बारा बोरची बंदूक होती. चंबळच्या पट्ट्यात बंदूक म्हणजे काय चीज आहे हे इथल्या लोकांना सांगायला नको. लग्नात घोड्याआधी बंदूक निघते. एका रात्री काका गच्चीवर आले, दोनदा ओरडले आणि तिसऱ्यांदा गोळी घातली. मोती आमच्याच अंगणात, तुळशीवृंदावनाजवळ मेला.

बाबा एजी ऑफिसात होते. कायदा त्यांना कळत नव्हता असं नाही. पण पहाटे पाच वाजता त्यांनी मला उठवलं, फावडं हातात दिलं आणि मागच्या परसात खड्डा खणायला लावला. आई रडत होती. बाबा एवढंच म्हणाले, "शेजाऱ्याशी वैर नको. आपण इथले नाही." दिवस उजाडायच्या आत मोती मातीखाली होता. त्याच्याबरोबर अंगातली गोळीही मातीखाली गेली, म्हणजे पुरावाही आम्हीच पुरला. त्या दिवाळीला काकांच्या घरून फराळाचं ताट आलं आणि आम्ही ते ठेवून घेतलं.

आपण इथले नाही! अहो, शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरला पडली आणि तिचं लष्कर झालं त्याला दोनशे वर्षं उलटली. आमच्या सात पिढ्या इथल्या स्मशानात गेल्या. घरपट्टी भरतो, मत देतो, इथल्या शाळांतून आमची माणसं मास्तरकी करून निवृत्त झाली. आणि तरी ठाण्याची पायरी चढायची म्हटली की आपण पाहुणे होतो. इंदूरचा असो, बडोद्याचा असो, बेळगावचा असो, ज्याला त्याला घरात हे वाक्य ऐकल्याचं आठवेल. माझं भांडण पहिलं या वाक्याशी आहे. बंदूकवाल्या काकांशी नंतर.

कोणी म्हणेल, एका कुत्र्यासाठी एवढं? त्यांना माझा उलट प्रश्न आहे. आपल्यातल्या किती घरांचं कुलदैवत खंडोबा आहे? चंपाषष्ठीला तळी भरल्यावर कुत्र्याला घास घालतो तो कशासाठी? साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, ती आपण मुलांना कौतुकाने दाखवतो. देवळात मान द्यायचा आणि अंगणात मारला तर "जाऊ दे" म्हणायचं, हे मला पटत नाही. आणि कुत्रं बाजूला ठेवा. जिथे मोती पडला, तिथून चार हातांवर माझी धाकटी बहीण खाटेवर झोपली होती. वस्तीत, रात्री, दुसऱ्याच्या अंगणाच्या दिशेने गोळी सुटली होती. त्याबद्दल आमच्या घरात एक शब्द कुणी काढला नाही.

आता दुसरी गोष्ट, अलीकडची. माझा चुलत भाऊ याच शहरात नव्या कॉलनीत राहतो. त्याची राणी नावाची कुत्री होती. शेजारच्या तरुण मुलाने एअरगनने तिला छऱ्यांनी मारलं. भावाचा रात्री फोन आला, "दादा, परसात पुरू का?" मी म्हटलं, "हात लावू नकोस. बर्फ आण." बर्फाच्या लादीवर राणीला ठेवलं आणि सकाळी आम्ही ठाण्यात गेलो. दिवाणजींनी पहिला प्रश्न विचारला, "कुत्ता देसी था कि बिलायती?" दुसरं वाक्य, "एअरगन तो खिलौना है, भाईसाहब." तिसरं वाक्य, "पड़ोसी हैं, आपस में निपटा लो." म्हणजे १९८७ साली बाबा जे घरात म्हणाले, तेच आता ठाण्यात ऐकलं.

पण या वेळी आम्ही हललो नाही, कारण कायदा वाचून गेलो होतो. तो आपल्या प्रत्येक घरात माहीत हवा, म्हणून सोप्या भाषेत सांगतो.

जुन्या भारतीय दंड संहितेत दोन कलमं होती, ४२८ आणि ४२९. दहा रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचं जनावर मारलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. गाय, बैल, म्हैस, घोडा, उंट, हत्ती यांची किंमत काहीही असो, आणि इतर जनावर पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचं असलं, तर पाच वर्षांपर्यंत. देशी की बिलायती हा प्रश्न तिथून आला. गल्लीतून आलेल्या मोतीची किंमत काय लावणार? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या कलम ३२५ मधून ही किंमत गेली. कोणतंही जनावर मारणं, त्याला विष घालणं, जखमी करून निकामी करणं, यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाची परवानगी न घेता तपास करता येतो. जामीनपात्रही आहे, म्हणून शेजारी लगेच गजाआड जाईल अशी आशा धरू नका. आणि हे कलम हत्यार कोणतं ते विचारत नाही. बारा बोर असो, एअरगन असो, की दगड.

दुसरा कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याच्या कलम ११ मध्ये क्रूरपणे मारणंही येतं. पण शिक्षा ऐका : पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. आज पन्नास रुपयांत पोह्यांची प्लेट आणि चहा येतो. संसदेने इतक्या वर्षांत हा आकडा बदलला नाही, याची लाज आपल्याला वाटली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली नागराज खटल्यात जनावराच्या सन्मानाबद्दल इतकं लिहिलं, आणि दंड तिथेच! म्हणून तक्रारीत हा कायदा लिहा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. ठाण्यात नुसतं हेच कलम लावून बोळवण करायला बघतात. ३२५ चा आग्रह धरा.

तिसरा, १९५९ चा शस्त्र कायदा. बंदूक लायसन्सी असेल तर खरा चिमटा इथे बसतो. सार्वजनिक शांतता आणि सुरक्षेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार कलम १७ खाली परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. एफआयआरची प्रत जोडून त्याच्याकडे वेगळा अर्ज द्या. आमच्या भागातला माणूस कोर्टाच्या तारखेला घाबरत नाही, लायसन्स जाण्याला घाबरतो. बेदरकारपणे गोळी झाडून माणसाचा जीव धोक्यात घातला असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. बंदूक बिनपरवाना निघाली तर मामला आणखी जड.

आता करायचं काय, ते क्रमाने. जनावर जिवंत असेल तर आधी डॉक्टर. एक्स-रे आणि बिलं जपून ठेवा. मेलं असेल तर पुरू नका, जाळू नका. सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयात पोस्टमॉर्टेम करून घ्या आणि गोळी किंवा छर्रा अहवालासह पोलिसांच्या ताब्यात जाईल असं बघा. जागेचे फोटो काढा, काडतूस पडलं असेल तर हात लावू नका. शेजारपाजारच्या कॅमेऱ्यांची रेकॉर्डिंग त्याच दिवशी मागा, काही दिवसांत ती पुसली जाते. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. अशा गुन्ह्यात पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करू शकतात, तेवढं थांबा, पण तारीख लिहून ठेवा. घेतच नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही तीन वर्षांच्या आत लावता येतो. मात्र तिथे कायदा कुत्र्याला मालमत्ता समजतो. डॉक्टरचं बिल, बाजारभाव असलं काही हाती लागेल. घरातल्या रडण्याची किंमत कोणी लावत नाही.

समोरच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर मी एकांगी ठरेन. कुत्रं अंगावर आलं, पोराला चावत होतं आणि दुसरा उपाय नव्हता, तर बचावाचा अधिकार प्रत्येकाला आहे. आणि आपण कुत्रं मोकाट सोडून निष्काळजीपणे कुणाच्या जिवाला धोका केला, तर न्याय संहितेचं कलम २९१ आपल्याला लागतं : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भुंकण्याचा त्रास होतो हेही खरं. मग नगरपालिकेत तक्रार करा, ठाण्यात या, आमच्या दारात येऊन शिव्या घाला. मोती आणि राणी दोघंही आपल्या अंगणात होते. तिथे बचाव कुणाचा आणि कशापासून?

राणीच्या प्रकरणात एफआयआर झाली, अधीक्षकांकडे टपाल गेल्यानंतर. छर्रा फुप्फुसात सापडला, पोस्टमॉर्टेममध्ये तसं लिहिलं आहे. साक्ष द्यायला कोण उभं राहिलं ठाऊक आहे? पलीकडच्या घरातले निवृत्त हिंदी मास्तर. "कुत्तिया हमारे नाती के साथ खेलती थी," एवढंच म्हणाले आणि सही केली. तेव्हा हे मराठी-हिंदीचं भांडण नाही. परके आहोत ही भीती आपल्याच डोक्यात आहे. उलट आमच्यातल्याच दोन वडीलधाऱ्यांचे फोन आले, "मिटवून टाक रे, कुत्र्यावरून कोर्टात जातोस, लोक हसतील." खटल्याची तारीख अजून पडतेच आहे. मुलाच्या वडिलांनी नवं पिल्लू आणून देऊ म्हणून निरोप पाठवला. भावाने नम्रपणे सांगितलं, "जे बोलायचं ते कोर्टासमोर बोलू."

बाबा आता ८६ वर्षांचे आहेत. राणीची एफआयआर मी त्यांना वाचून दाखवली. चष्मा काढून ते बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, "मोतीचं आता काही होत नसेल ना?" नाही बाबा, आता काही होत नाही.

तेव्हा मंडळी, ज्यांच्या घरी कुत्रं-मांजर आहे त्यांनी आज संध्याकाळीच त्याचं लसीकरणाचं कार्ड शोधा, नगरपालिकेचं लायसन्स काढलं नसेल तर काढा, घरच्यांबरोबरचे त्याचे फोटो एका जागी ठेवा. जनावर आपलं आहे हे आधी कागदावर सिद्ध करावं लागतं. आणि घरातल्या पोरासमोर "आपण इथले नाही" हे वाक्य पुन्हा उच्चारू नका. मी ते नववीत ऐकलं, ते अजून माझ्या कानांतून गेलेलं नाही.