इंटरनेटशिवाय कोड एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कसा नेतात? आणि मागे काय राहतं?

जुलै २०१९ मध्ये इराण, सीरिया आणि क्रायमियातल्या अनेक प्रोग्रामरना गिटहबवरचं स्वतःचंच खासगी काम उघडता येईना. कारण होतं अमेरिकेचे आर्थिक निर्बंध. गिटहब ही मायक्रोसॉफ्टच्या मालकीची अमेरिकी कंपनी असल्यामुळे तिला ते पाळणं भाग होतं. इराणमधल्या प्रोग्रामरसाठी सेवा पूर्ववत झाली, ती अमेरिकी सरकारने परवाना दिल्यावर, जानेवारी २०२१ मध्ये.

भारतातही जुलै २०२५ मध्ये अशीच वेळ आली. मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीवर युरोपीय संघाने निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. तिथे अडचण ई-मेलची होती, कोडची नव्हती. पण प्रश्न तोच: दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवलेलं काम उद्या मिळालं नाही, तर?

रिपॉझिटरी म्हणजे नेमकं काय?

सॉफ्टवेअरचा कोड आणि त्यात कोणी, कधी, काय बदललं याचा पूर्ण इतिहास जिथे राहतो, ती रिपॉझिटरी. हा हिशेब ठेवण्यासाठी आज सर्वाधिक वापरलं जाणारं साधन म्हणजे गिट. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये तयार केलं. गिट आणि गिटहब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिट हे मोफत साधन आहे, तर गिटहब ही त्यावर उभी असलेली एका कंपनीची सेवा.

गिटमध्ये नेहमीच्या पद्धतीने प्रत घेतली, की फक्त आजचा कोड नाही, तर सगळा इतिहास त्या लॅपटॉपवर येतो. २०१९ मध्ये ज्यांच्याकडे अशी ताजी प्रत होती, त्यांचा कोड हातात राहिला.

नेटवर्क नसताना काय करतात?

काही ठिकाणी नेटवर्क मुद्दामच नसतं. संरक्षण आणि अणुऊर्जेसारख्या क्षेत्रांत अनेक यंत्रणा इंटरनेटपासून पूर्ण तोडलेल्या असतात. तिथे कोड नेण्यासाठी गिटमध्येच ‘बंडल’ नावाची सोय आहे.

‘गिट बंडल क्रिएट’ ही कमांड रिपॉझिटरीचा इतिहास एका फाइलमध्ये बांधते. सोबत ‘ऑल’ हा पर्याय दिला, की सगळ्या शाखा आणि टॅग त्यात येतात. ही फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची, दुसऱ्या सर्व्हरवर न्यायची आणि तिच्यावरूनच ‘गिट क्लोन’ करायचं. पुढच्या वेळी सगळं नव्याने न्यायची गरज नाही. मागच्या बंडलनंतर झालेले बदल तेवढे बांधता येतात.

वाटेत कोणी फेरफार केला तर?

गिटमधल्या प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून काढलेला एक लांब क्रमांक असतो, त्याला हॅश म्हणतात. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा हॅशही असतो. त्यामुळे मधली एक ओळ बदलली, तरी तिथून पुढचे सगळे हॅश बदलतात.

‘गिट बंडल व्हेरिफाय’ ही कमांड फाइल नीट आहे का आणि तिला लागणाऱ्या आधीच्या नोंदी समोरच्या सर्व्हरवर आहेत का, हे तपासते. पण कोणी अख्खी फाइलच बदलून दुसरी ठेवली, तर ते या तपासणीत कळत नाही. म्हणून शेवटच्या नोंदीचा हॅश वेगळ्या मार्गाने, उदाहरणार्थ फोनवरून, ताडून पाहणं गरजेचं.

पेन ड्राइव्हचाही धोका आहेच. २०१० मध्ये उघडकीस आलेला, इराणच्या नतान्झ अणुकेंद्राला लक्ष्य करणारा स्टक्सनेट हा व्हायरस यूएसबी ड्राइव्हमधूनही पसरत असे. तिथली यंत्रणाही इंटरनेटपासून तोडलेलीच होती.

मग मागे काय राहतं?

खरी अडचण इथे आहे. बंडलमध्ये कोडचा इतिहास येतो, पण त्याभोवतीचं काम येत नाही. गिटहबसारख्या सेवेवर नोंदवलेल्या तक्रारी, बदलांवर झालेली चर्चा आणि कोणाला कसली परवानगी आहे, ही माहिती त्या सेवेच्या सर्व्हरवरच राहते. एलएफएस वापरून ठेवलेल्या मोठ्या फाइलही बंडलमध्ये येत नाहीत, त्या वेगळ्या न्याव्या लागतात.

एखादा बदल नेमका का केला, हे बरेचदा त्या चर्चेतच लिहिलेलं असतं. ती गेली, तर कोड हाताशी असूनही नव्या माणसाला तो समजून घ्यायला जड जातं.

म्हणूनच बंडल ठरावीक काळाने काढून ठेवायला हवं, चर्चा आणि तक्रारींची प्रत वेगळी उतरवून घ्यायला हवी, आणि हे सगळं दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून पाहायला हवं. सेवा बंद झाल्यावर चर्चा आणि तक्रारींची प्रत उतरवून घेता येत नाही.